अठ्ठावीस दिवस, दोघींच्या खुणा

रोज रात्री दहाच्या आत तीन खुणा. त्या दिवशी वाचलेल्या पानांतली एखादी ओळ किंवा उतारा, सोबत पान क्रमांक. का आवडलं ते लिहायचं नाही, ते रविवारी फोनवर. पुस्तक एकच, दोघींनी बरोबरीनं वाचायचं. एवढं ठरवून यंदाच्या फेब्रुवारीत मी आणि माझी मैत्रीण वाचायला बसलो. महिना तिनं निवडला. अठ्ठावीस दिवस, बरोबर चार आठवडे, आणि १ तारखेलाच रविवार. हिशेब चोख बसतो म्हणाली.

ती अमरावतीला असते, तिचं औषधांचं दुकान आहे. मी नाशिकला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही दोन वर्षं काढली. तेव्हा एकच पुस्तक शेजारी शेजारी बसून वाचायचो आणि पान उलटण्यावरून भांडायचो. माझं पान आधी संपायचं, ती बोट ठेवून अडवायची. पुढे संसार आले, नोकरी आली, तिचं दुकान आलं. बोलणं सुटलं नाही, पण ते मुलांचं, आजारपणांचं, घराच्या हप्त्यांचं असायचं. पुस्तकाचं नाव निघालं तरी 'वाचलंस का', 'हो, छान आहे' यापुढे गाडी जायची नाही. हे मला फार दिवस सलत होतं.

निमित्त झालं ते पत्रांचं. दिवाळीत मी जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचा पहिला खंड पुन्हा काढला होता. धारवाडहून सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली ही पत्रं, आणि त्यांत पानंच्या पानं वाचलेल्या पुस्तकांबद्दल. सुनीताबाईंची पत्रं 'प्रिय जी. ए.' या नावानं आली, ते पुस्तक नेमकं मैत्रिणीकडे. म्हणजे एक बाजू नाशिकला, दुसरी अमरावतीला. फोनवर एक पत्र मी वाचलं, एक तिनं वाचलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "आपण काहीच लिहीत नाही गं एकमेकींना. बिलं तेवढी पाठवतो." ते मनाला लागलं. पण पत्र लिहायला बसलं की लिहिणाऱ्यावर सुंदर लिहिण्याचं दडपण येतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. म्हणून नुसत्या खुणा.

पुस्तकं तीन घेतली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दोन आठवडे, विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' एक आठवडा, आणि उद्धव शेळक्यांची 'धग' शेवटच्या आठवड्यात. ती पुस्तकात पेन्सिलीनं रेघ मारते. माझ्या हातून छापील पानावर रेघ ओढवत नाही, वाचनालयाच्या पुस्तकावर तर नाहीच नाही. म्हणून मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या अरुंद पट्ट्या कापून एका डबीत भरून ठेवल्या.

'स्मृतिचित्रे' मी चार वेळा तरी वाचलेलं. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून, कवी नारायण वामन टिळकांकडून, अक्षरं शिकलेल्या बाईचं. मराठी गद्याचा विषय निघाला की मी वर्गात हेच नाव आधी घेते. त्यामुळे पहिल्या रात्री मी अगदी निर्धास्त होते. लक्ष्मीबाईंची तिरकस बोलण्याची ढब दाखवणारी तीन वाक्यं निवडली आणि पाठवली.

तिच्या खुणा आल्या तेव्हा वाटलं, ही दुसरंच काही वाचते आहे की काय. बाजारातून आलेलं धान्य धुऊन, वाळवून मगच घरात घ्यायचं, ती ओळ. घरातल्या बायकांनी पाणी कसं आणायचं, ती ओळ. तिसरी नुसती कुणाच्या तरी जेवणाची वेळ. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी भाषेचे झटके वेचत होते आणि ती शेर, रुपये, पायल्या, ताप, उपास. तिसऱ्या दिवशी मला राग आला. एवढं हसतं-बोलतं पुस्तक, आणि ही त्यातून किराणा मालाची यादी काढते आहे! पण कारण विचारायचं नाही हा नियम माझाच होता, त्यामुळे गप्प राहिले.

८ तारखेच्या रविवारी फोनवर मी म्हटलं, "तुझ्या खुणा जरा कोरड्या वाटल्या गं."

ती लगेच बोलली नाही. दुकानात कुणीतरी आलं होतं, गोळ्यांची पट्टी कापल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तू सगळी बोलण्यातली गंमत उचलून राहिली. ती बाई त्या दिवशी जेवली का, ते तुला दिसतच नाही."

मी फोन ठेवला आणि पहिली शंभर पानं परत वाचली, या वेळी तिच्या खुणा बाजूला लिहून घेऊन. वडिलांचं सोवळं हा भाग मी अठरा वर्षं विनोद म्हणून शिकवत आले. मुलं हसतात, मीही हसते. तिच्या खुणांच्या रांगेनं गेलं की मात्र तिथे एक आई दिसायला लागते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची तिनं, उन्हात वाळत घालायची तिनं, आणि एवढं करून पुन्हा चूक काढली जाणार ती तिचीच. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, पण सांगताना काही वगळत नाहीत. किती धुतलं, कोणी धुतलं, सगळं तिथे लिहिलेलं आहे. मीच हसण्याच्या भरात पुढे जात होते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, त्या प्रसंगांचंही तेच. मला त्यात टिळकांचा अवलिया स्वभाव दिसायचा. तिनं खूण केली होती ती घरात त्या दिवशी काय शिल्लक होतं, त्या ओळीला.

तिचं दुकान बघितलेलं असल्यानं मला हे कळतं. उधारीची वही गल्ल्यापाशीच असते. कोण दहा गोळ्या लिहून दिलेल्या असताना चार मागतो आणि का, हे ती रोज बघते.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या नजरेनं शोधायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ओढूनताणून केलेल्या खुणा लगेच ओळखू येतात. ती म्हणाली, तू तुझंच वाच, नाहीतर मला वाक्यं कोण दाखवणार? तेव्हा मला कळलं की इकडे तीही माझ्या खुणा वहीत उतरवून घेत होती. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाई मागे राहिल्या, थोरल्या बहिणीच्या, भिकूताईंच्या आधारानं दिवस काढले. हा भाग मी नेहमी घाईनं वाचते, कारण त्रास होतो. या वेळी थांबत थांबत वाचला. एकेका वाक्यात किती गोष्टी न बोलता ठेवल्या आहेत, ते दाखवणाऱ्या ओळी मी तिला पाठवल्या. त्यावर तिनं नियम मोडून एकच शब्द लिहिला, 'हो.'

याच आठवड्यात माझ्याकडून एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर घरी आले होते. ११ तारखेला मी एकही पान वाचलं नव्हतं. दहाला पाच मिनिटं कमी असताना पुस्तक उघडलं, पूर्वीच्या वाचनातल्या ओळखीच्या तीन जागा काढल्या आणि पाठवून दिल्या. पाच मिनिटांत तिचा निरोप: "हे तू आज वाचलेलं नाहीस. पुढच्या दोन ओळी वाचल्या असत्यास तर इथे थांबली नसतीस." मी पुढच्या दोन ओळी वाचल्या. तिचं बरोबर होतं, खरं मर्म तिथेच होतं. रात्रभर टोचत राहिलं. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत मी तिच्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि इथे पुस्तकाच्या बाबतीत बोलले. सकाळी शाळेत जायच्या आधी फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, नाही वाचलं तर 'आज नाही' असं लिहायचं. तो नियम त्या दिवशी वाढला. नंतर दोघींनीही तो तीन-तीनदा वापरला, आणि एकदाही वाईट वाटलं नाही.

१५ तारखेला महाशिवरात्र. त्र्यंबककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सकाळपासून. त्या दिवशी आम्ही गोडसे भटजींबरोबर वरसईहून निघालो.

हे पुस्तक तिला नवीन होतं. घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेवर कोकणातला एक भिक्षुक काकांना सोबत घेऊन निघतो आणि नेमका १८५७ च्या वणव्यात सापडतो. कर्जावर तिची खूण पडणार हे मला आता ठाऊक होतं, आणि पडलीच. अडचण निराळीच निघाली. दुसऱ्या दिवशी तिनं पाठवलेला उतारा मला माझ्या पुस्तकात सापडेना. मी पाठवलेली ओळ तिला सापडेना. प्रसंग तोच, माणसं तीच, शब्द वेगळे. आधी वाटलं पान क्रमांक चुकले. मग तिनं मुखपृष्ठाच्या आतलं पान पाठवलं आणि उलगडा झाला.

माझी वाचनालयातली प्रत चिंतामण विनायक वैद्यांच्या संपादनाची. त्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापलं. भटजींनी ते मोडीत लिहून काढलं होतं, वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही गाळलं, काही बदललं. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. तिच्याकडे होती ती पोतदारांची आवृत्ती, कुठल्याशा रद्दीवाल्याकडून घेतलेली. मी हे पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मला गोडसे भटजींचा आवाज म्हणून जो ऐकू आला, तो बराचसा वैद्यांचा होता.

तो आठवडा सगळ्यात सुंदर गेला. दोघी एकच प्रसंग दोन पुस्तकांतून काढायचो, आधी ती वाचायची, मग मी. तिच्या प्रतीतली वाक्यं लांब, एकातून दुसरं निघणारी, श्वास न घेता सांगत जाणाऱ्या माणसाची. माझ्यातली आटोपशीर. शिक्षिका म्हणून मला वैद्यांची कळकळ समजते. विद्यार्थ्याच्या निबंधावर माझाही हात असाच चालतो. पण झाशीच्या लुटीची पानं तिनं मूळ शब्दांत वाचली तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून नुसतं ऐकत बसले. झाशीच्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस भटजींनी पाहिली, लिहून ठेवली. आजूबाजूला माणसं मरताहेत, स्वतःचा जीव मुठीत आहे, आणि हा माणूस पोथ्यांसाठी हळहळतो. तिथे दोघींच्याही खुणा होत्या.

आणखी एक जागा दोघींची जुळली, ती विहिरीची. काल्पीच्या वाटेवर भटजी पाणी काढत असताना धुळीनं भरलेली, तहानेली राणी तिथे येते. ते तिच्यासाठी पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना काढू देत नाही, स्वतःच पाणी ओढते आणि ओंजळीनं पिते. पुतळ्यांतली आणि चित्रांतली राणी घोड्यावर असते, ही विहिरीपाशी आहे. या प्रसंगाबद्दल रविवारी काही बोलायचं राहिलंच नाही. पुष्कळ वेळा आम्ही तो एकमेकींना वाचून दाखवला, बस्स.

१९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी होती. दुपारी तिचा फोन आला, वेळ ठरलेली नसताना. म्हणाली, "स्मृतिचित्रे काढ. अगदी सुरुवात."

काढली.

"वडलांना सोवळ्याचं वेड कशापायी लागलं, ते वाच."

लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं जावयाचं मन पालटलं आणि सोवळ्याचं ते वेड घरात शिरलं. हे लक्ष्मीबाईंनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगितलेलं आहे. मी पाचव्यांदा वाचत होते. ती पेन्सिल घेऊन ओळ न ओळ चाळत होती. दोघींच्या चौदा दिवसांच्या खुणांत ते पान कोरं होतं. माझं लक्ष पुढच्या विनोदाकडे, तिचं धान्याकडे. ते धान्य धुवायला लावणारी फाशी दोघींनाही दिसली नव्हती. भटजी झाशीहून जीव घेऊन परत आले, गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी पोचले, त्यांच्या प्रवासाला शेवट आहे. नाशिकजवळच्या एका घरात तेच सत्तावन पुढे कित्येक वर्षं रोज सकाळी धान्य धूत राहिलं. मागून जन्मलेली पोर त्यात वाढली आणि म्हातारपणी तिनं ते लिहून ठेवलं.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग तिनं विचारलं, "जलालपूर तुझ्यापासून किती लांब?"

लांब काहीच नाही. लक्ष्मीबाईंचं माहेर, शहराच्या इतकं जवळ, आणि चार वेळा पुस्तक वाचून, अठरा वर्षं शिकवून मी एकदाही तिथे गेले नव्हते. २२ तारखेच्या रविवारी सकाळी स्कूटर काढली. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, काढणी जोरात, रस्त्याकडेला क्रेटच्या थप्प्या लागलेल्या. जुनं घर शोधायला मी गेले नव्हते आणि कुणाला विचारलंही नाही. एका झाडाखाली स्कूटर लावली, तिला फोन लावला आणि पहिली काही पानं मोठ्यानं वाचली. शेजारून द्राक्षांचा ट्रॅक्टर गेला तेव्हा थांबले, मग पुढे वाचलं. ती म्हणाली, "ऊन कसं आहे तिथं? धान्य वाळेल?"

ऊन चांगलं कडक होतं. तसं मी तिला सांगितलं.

'धग'चा आठवडा तिचा होता. १९६० ची कादंबरी, निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात वऱ्हाडीत. कौतिक नावाची बाई, शिंपीकाम करणारा तिचा नवरा, पोरं, आणि ओढूनही न सरणारं दारिद्र्य. मी हे कॉलेजात अभ्यासाला म्हणून वाचलं होतं आणि संवाद डोळ्यांनी पार केले होते, अर्थ लागला की पुढे. पहिल्याच रात्री मी पाठवलेल्या तीनही खुणा निवेदनातल्या होत्या. तिच्या लिखित खुणा आल्याच नाहीत. आला तो तिचा आवाज, चार मिनिटांचा. कौतिकचं एक बोलणं तिनं वाचून पाठवलं होतं. पाठीमागे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज, मग शांतता, मग कौतिक.

इतकी वर्षं ती माझ्याशी पुण्याच्या वसतिगृहात शिकलेल्या मराठीत बोलत आली आहे. अधूनमधून एखादं 'करून राहिली' निसटतं तेवढंच. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. 'मले', 'तुले', 'कायले' हे शब्द छापलेले बघताना मला बोलीचे नमुने वाटायचे. तिच्या तोंडून ते आले तेव्हा कौतिक कुठे चिडली आहे, कुठे नुसती दमली आहे, हे शब्दाच्या शेवटावरून कळायला लागलं. रविवारच्या फोनपर्यंत मला धीर धरवला नाही. लगेच विचारलं, कुणासारखं वाचलंस? म्हणाली, आजीसारखं. आजी वावरात जायची मजुरीला. शाळेत पहिल्या वर्षी याच बोलीला वर्ग हसला म्हणून ती तिनं घरी ठेवून दिली होती. हे तिनं मला पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

२७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन. शाळेत कार्यक्रम ठरलेला असतोच. या वेळी तिला विचारून मी नववीच्या वर्गात तिचा आवाज लावला. आधी कौतिक कोण ते सांगितलं, मग फळ्याकडे पाठ करून उभी राहिले. मुलं हसतील या भीतीनं माझ्या पोटात गोळा आला होता. दोघं-तिघं सुरुवातीला हसले, मग थांबले. संपल्यावर एका मुलानं विचारलं, "बाई, पुढे तिचं काय होतं?" मी पुस्तक वर्गातल्या कपाटात ठेवलं आहे.

२८च्या रात्री शेवटच्या खुणा गेल्या. वाचनालयाचा 'माझा प्रवास' २ तारखेला परत करायचा होता, म्हणून १ मार्चला बसून त्यातल्या पट्ट्या काढल्या. एकसष्ट निघाल्या. टाकून द्यायच्या आधी तिला सांगितलं, तर म्हणाली, टाकू नकोस, मला पाठव. मग प्रत्येक पट्टीवर पान, ओळ आणि वाक्याचे पहिले चार शब्द लिहिले. त्यात पूर्ण संध्याकाळ गेली. पाकीट पोस्टात टाकलं.

पाकीट पोचलं आहे. ती दुकान बंद झाल्यावर रोज चार-पाच पट्ट्या घेते आणि आपल्या पोतदारांच्या प्रतीत त्यांची जागा शोधून चिकटवते. काही सरळ बसतात, काहींना अर्धं पान मागेपुढे जावं लागतं. ज्यांना जागाच सापडत नाही त्या तिनं औषधाच्या एका रिकाम्या खोक्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. काल रात्रीपर्यंत तशा सात झाल्या होत्या.